नळाचा समुद्र, समुद्राचा समुद्र

टाकी आली, तिचं लाकडी स्टँड आलं, सोफा हॉलमधून बेडरूममध्ये हद्दपार झाला, आणि हे सगळं झाल्यावर माशांच्या दुकानदाराने मला विचारलं, "पाणी कुठलं घालणार?"

मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार खिडकीवर बसतो. पाणी केव्हा येणार, का आलं नाही, आलं ते पिवळं का आलं, असे प्रश्न मी झोपेतसुद्धा टोलवू शकतो. पण पाणी कुठलं, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पाणी येतं किंवा येत नाही, याशिवाय पाण्याचे काही प्रकार असतात हे आमच्या खात्याला मान्य नाही.

"तुम्हाला खाऱ्या पाण्यातलेच मासे हवेत ना? नारिंगी पट्ट्यांचे?" दुकानदार म्हणाला. "मग दोन रस्ते. एक, सरळ समुद्राचं पाणी आणायचं. दोन, मीठ आणून साध्या पाण्यात कालवायचं."

"मीठ घरात आहे," मी म्हणालो.

माझ्या खिडकीवर कुणी विजेचं बिल घेऊन आला की मी त्याच्याकडे जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. "ते घातलंत तर मासे खारवून निघतील. हे मीठ वेगळं असतं. समुद्रात जे जे असतं ते सगळं सुकवून यात घातलेलं असतं."

"सगळं?"

"सगळं. ओलेपणा सोडून."

"मग दोन्हींत चांगलं कुठलं?"

"मी मीठ विकतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "तेव्हा मीठ."

वास्तविक माणसाने तिथेच मिठाची बादली उचलून घरी यावं. पण हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच. समुद्र घरात आणायचा तर तो खरा असावा की खऱ्यासारखा? सुकवून डब्यात भरलेल्या समुद्राला नळाचं पाणी घातलं तर त्याला आपण समुद्र आहोत हे आठवेल का? माणसाला चाळिशीनंतर असे प्रश्न पडायला लागले की घरच्यांनी सावध व्हायला हवं. आमच्या घरचे उलट त्यात पडले.

आमच्या घरात मी, ही आणि नाना. ही रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे तिचा कुठल्याही द्रवपदार्थावर पहिल्या भेटीत विश्वास बसत नाही. नाना म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. त्यांनी उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं, पण इंजिनखोलीत, म्हणजे जहाजाच्या पोटात. जगातले बहुतेक समुद्र त्यांनी ओलांडले, ते पत्र्याच्या अलीकडून. आमच्याकडे राहायला आल्यापासून ते दोनच वाक्यं बोलत. सकाळी "चहा झाला का?" आणि दुपारी "पंखा जरा बारीक करा." बाकी वेळ खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत. ही म्हणायची, नानांना काहीतरी विरंगुळा हवा. मी रेडिओ आणला, पत्ते आणले, शेवटी एक महागडी आरामखुर्ची आणली. तिच्यात बसून ते भिंतीकडे जास्त आरामात बघू लागले.

त्या संध्याकाळी मी जेवताना पाण्याचा प्रश्न मांडला आणि नानांनी ताटातून मान वर केली.

"मीठ?" ते म्हणाले. "जावईबापू, समुद्र फुकट पडलाय की!"

ही माझ्याकडे बघायला लागली. तिसरं वाक्य होतं ते.

"नाना, समुद्राच्या पाण्यात काय काय असतं तुम्हाला माहितीये का?" हिने विचारलं.

"मासे असतात," नाना म्हणाले. चौथं.

मी तिथल्या तिथे समुद्राच्या बाजूने मत दिलं. हिने मिठाच्या बाजूने. घराची अशी उभी फाळणी झाल्यावर बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंनी सांगितलं की समुद्राचं पाणी उकळून गाळून घ्या. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सांगितलं की मुळीच उकळू नका, त्यातला जीव जातो. त्यापेक्षा मासेच आणू नका, त्यांच्या मेव्हण्याचे सगळे मेले. खालच्या मजल्यावर आमच्या इमारतीचे सेक्रेटरी राहतात, बरोब्बर माझ्या हॉलखाली. त्यांनी पाण्याच्या जातीत रस दाखवला नाही. त्यांना वजनाची काळजी होती.

"उद्या तुमचा समुद्र माझ्या पंख्यावर उतरला तर?" ते म्हणाले. "इंजिनियरचा दाखला आणा, मग काय ते भरा."

इंजिनियर आला. त्याने टाकीची लांबी-रुंदी विचारली, भिंतीवर बोटाने टकटक केलं, मग हॉलच्या मधोमध उभं राहून दोन सणसणीत उड्या मारल्या. खालून काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

"इमारत मजबूत आहे," तो म्हणाला. "तो आवाज घड्याळाचा. खिळा कच्चा असणार."

दाखला मिळाला. सेक्रेटरींशी बोलणं मात्र काही काळ जिन्यातल्या फळ्यावरच्या सूचनांपुरतं उरलं.

रविवारी मी आणि नाना गाडीत रिकामे कॅन भरून निघालो. कॅन नानांनी जमवले होते, कुठून ते मी विचारलं नाही. नाना स्वतःहून कशाच्या तरी मागे लागले होते, त्यात मला चौकशीची भानगड नको होती. वाटेत ते बोलत होते. बॉयलरबद्दल, वंगणाबद्दल, एका साहेबाबद्दल, जो रागावला की टोपी पंप-घरात फेकायचा. मी गाडी मुद्दाम हळू चालवली.

बंदरावर पोचल्यावर मी सरकारी माणसाला शोभेल अशी चूक केली. पाणी घेण्याआधी परवानगी घ्यायला कचेरीत गेलो.

"मासे न्यायचे तर परवाना लागतो," तिथला अधिकारी म्हणाला. "वाळू न्यायला बंदी. पाण्याबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही."

"म्हणजे नेलं तर चालेल?"

"काही म्हटलेलं नाही, म्हणजे चालेल असंही म्हटलेलं नाही."

"मग मनाई आहे?"

"मनाई कशी असेल? अर्ज करा, वर पाठवतो."

"वर कुणाकडे?"

"ते अर्ज आल्यावर ठरेल."

त्याच धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचं कौतुक वाटलं. इतकं स्वच्छ, कुठेही न अडकणारं उत्तर मला माझ्या खिडकीवर आजवर जमलेलं नाही. पण गिऱ्हाइकाच्या बाजूला उभं राहून ते ऐकताना कानशिलं तापतात, ही माहिती नवीन होती.

नाना इतका वेळ दारात उभे होते. ते पुढे आले. "साहेब, भरती आली की पाणी तुमच्या कचेरीच्या पायरीला लागतं ना?"

"खालच्या दोन पायऱ्या बुडतात."

"मग आम्ही पायरीवरचं पाणी उचलतो. पायरी धुतली असं समजा."

अधिकाऱ्याने छताकडे बघत विचार केला. "पायरी धुवायला हरकत नाही," तो म्हणाला.

भरती येईपर्यंत आम्ही पायरीवर बसलो आणि मग कचेरीच्या देखरेखीखाली पायरीवरचा समुद्र मगाने कॅनमध्ये भरला. माझी एक चप्पल लाटेने नेली. अधिकाऱ्याने खिडकीतून मान काढून ती बुडताना पाहिली आणि तिच्याबद्दलही नियमात काही म्हटलेलं नव्हतं.

घरी आल्यावर हिने खारटपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडली. ती नळी खाऱ्या पाण्यात वर तरंगते, गोड्यात खाली जाते. आमच्या पाण्यात ती शांतपणे तळाला जाऊन टेकली.

"हा समुद्र नाही," ही म्हणाली. "ही नदी आहे. समुद्राला भेटायला आलेली." तिने बोट पाण्यात फिरवलं. "आणि फेस का येतोय?"

कॅनवरचं खरवडलेलं लेबल नानांनी डोळ्यांजवळ धरलं. फरशी पुसायचं औषध होतं त्यात पूर्वी. "जंतू तर राहणार नाहीत," नाना म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मी घाईघाईने म्हणालो की पहिला प्रयत्न म्हणून छान आहे. ते पाणी आम्ही जिना धुवायला वापरलं. सेक्रेटरींनी त्याबद्दल फळ्यावर आभार मानले, नाव न घेता.

मीठपक्षाची बाजूही आपण निःपक्षपातीपणे पडताळून पाहावी, असं मला दुसऱ्या दिवशी वाटलं. ही कामावर गेलेली बघून मी दुकानातून मिठाची छोटी पिशवी आणली, ती बादलीत रिकामी केली आणि वरून नळ सोडला. काही वेळाने बादलीत दूध तयार झालं. पांढरंशुभ्र. तळाला सिमेंटसारखा थर. मी काठीने ढवळलं, काठी अडकली. मी फोन लावला.

"मिठावर पाणी ओतलंत?" दुकानदार ओरडला. "अहो, पाण्यात मीठ घालायचं असतं! थोडं थोडं! आणि नळाचं नाही, गाळलेलं पाणी!"

"शेवटी दोन्ही एकत्रच येणार ना? फरक काय पडतो?"

"तुम्ही समुद्रात पडलात आणि समुद्र तुमच्यावर पडला, यात फरक नाही?"

मी फोन ठेवला. काठी अजून त्या बादलीत आहे. हिने ती बादली प्रदर्शनात ठेवावी तशी बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवली आहे.

तोवर नानांनी फोनवरून कुठल्याशा जुन्या सोबत्यामार्फत होडीवाला ठरवला होता. कॅनही या वेळी नवे कोरे घेतले. होडीवाल्याला आमचं काम समजायला वेळ लागला.

"जाळं नाही, गळ नाही," तो म्हणाला. "आत जाऊन धरायचं काय?"

"पाणी," मी म्हणालो.

"आणि मासे?"

"मासे दुकानातून घेणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढून दुसऱ्या होडीवाल्याला ही बातमी दिली, तिसऱ्याला दिली, आणि घरीही कळवली असावी, कारण पलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी पाठीमागच्या फळीवर प्रतिष्ठा सावरून बसलो. किनारा दिसेनासा होईपर्यंत प्रतिष्ठा टिकली. त्यानंतर लाटा मोठ्या झाल्या, आणि माझ्या पोटातली सकाळची न्याहारी मला प्रथम भेटायला, मग निरोप द्यायला आली. मी काठावर ओणवा झालो.

"जावईबापू, दुसऱ्या बाजूला!" नाना ओरडले. "इकडून पाणी भरायचंय!"

मी रांगत दुसऱ्या बाजूला गेलो. तिथून पाहिलं तर नाना होडीच्या टोकाशी उभे होते. कॅन भरून झाले होते, पण ते खाली बसले नव्हते. एका हाताने दोर धरून ते पाण्याकडे बघत होते, भिंतीकडे बघतात तसे मात्र नाही.

"हे इतकं हिरवं असतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जहाजावर होतात म्हणे," होडीवाला म्हणाला.

"होतो," नाना म्हणाले. "खाली."

परतीच्या वाटेवर गाडीत एका कॅनचं झाकण सुटलं आणि मागची सीट समुद्राच्या ताब्यात गेली. गाडीला आजही दमट दिवशी बंदराचा वास येतो, आणि माझ्या ऑफिसातले दोघे जण, जे रोज माझ्याबरोबर यायचे, त्यांना एकाएकी चालायची आवड निर्माण झाली आहे. पण उरलेलं पाणी अस्सल निघालं. हिने नळी सोडली, ती अगदी बरोबर रेघेवर तरंगली. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लग्नानंतरची पहिली.

आनंद एक दिवस टिकला. हिने तोवर, काहीही न बोलता, बाल्कनीत पिंपभर गाळलेल्या पाण्यात थोडं थोडं मीठ सोडून, छोटा पंप लावून आपला समुद्र तयार केला होता. तोसुद्धा रेघेवर. आणि काचेसारखा नितळ. आमचा शेजारी ठेवला तर किंचित गढूळ वाटत होता.

"निकाल शास्त्रीय पद्धतीने लावू," ही म्हणाली आणि दोन्ही पाण्यांचे नमुने प्रयोगशाळेत घेऊन गेली. संध्याकाळी आल्यावर तिने पर्स ठेवली, हात धुतले, आणि आम्हा दोघांना समोर बसवून अहवाल सांगितला.

"मिठाच्या पाण्यात काहीही नाही."

"आणि आमच्यात?" मी विचारलं.

"बरंच काही आहे. सूक्ष्मदर्शकाखाली नुसती वर्दळ. पाय असलेले, शेपट्या असलेले, काही नुसतेच गोल." ती थांबली. "एक तर इतकं सुंदर होतं की मी साहेबांना बोलावून दाखवलं. पण त्यातलं कोण माशांना खाईल आणि कोण माशांना आजारी पाडेल, हे मी सांगू शकत नाही. आणि एवढ्याशा टाकीत काही बिघडलं तर पळायला जागा नसते."

मी दुकानदाराला विचारलं, त्याने अर्थातच मीठ सांगितलं. मी माझ्या मनाला विचारलं, आणि तेही पडलेल्या आवाजात मीठच म्हणालं. टाकीत मिठाचा समुद्र भरला गेला. पंप चालू झाला. आता पाणी मुरेपर्यंत काही आठवडे त्यात मासे सोडायचे नाहीत, नुसतं पाणी बघायचं, असं दुकानदाराने सांगितलं. आम्ही तिघं सोफ्याशिवायच्या हॉलमध्ये उभं राहून नुसतं पाणी बघितलं.

"छान आहे," नाना म्हणाले. मग खुर्चीत जाऊन बसले. दुपारी मला हाक आली. "पंखा जरा बारीक करा."

ते पुन्हा दोन वाक्यांवर आले होते. मी पंखा बारीक केला, मग उगाच विचारलं, त्या टोपी फेकणाऱ्या साहेबाचं पुढे काय झालं? "निवृत्त झाला," नाना म्हणाले.

इकडे बाल्कनीतल्या कॅनना वास सुटायला लागला होता. बंद कॅनमध्ये उन्हात समुद्र फार दिवस समुद्र राहत नाही. फळ्यावर सूचना लागली: 'कुणीही बाल्कनीत समुद्र साठवू नये.' दाखल्याच्या वेळी घड्याळ गमावलेल्या माणसाच्या अक्षरात. सेक्रेटरी स्वतः पाहणीला येणार असंही कळलं. सकाळी उठल्यावर मी बाह्या सरसावल्या आणि कॅन मोरीत ओतायला बाल्कनीत गेलो.

नाना तिथे आधीच होते. बुटक्या स्टुलावर बसून, समोरच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या काचेच्या मोठ्या बरणीकडे बघत.

"सगळं ओता," ते मान न वळवता म्हणाले. "तो सावलीतला शेवटचा कॅन ठेवा. आणि ही बरणी ठेवा."

बरणीत समुद्राचं पाणी होतं आणि तळाला मुठीएवढा एक दगड. दगडावर पांढुरके, खरखरीत, शेंगदाण्याएवढे उंचवटे. टोकाकडे निमुळते, एकमेकांना चिकटलेले.

"हा कुठून आला?"

"धक्क्यावरून उचलला होता. होडीतून उतरताना. खिशात घातला."

"कशाला?"

नाना ओशाळले. "तुम्हाला दाखवायला. हेच ते म्हणून. समुद्राचं पाणी आत ओढून इंजिन थंड करतात ना, त्या नळीत हे येऊन बसायचे. गच्च. मग इंजिन तापायचं, साहेब तापायचा, आणि मी आडवा पडून छिन्नीने खरवडायचो. बोटं सोलून निघायची. बादल्या भरभरून काढायचो." त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर जुने, फिकट ओरखडे होते. इतकी वर्षं त्या हातांकडून चहाचा कप परत घेताना मी ते कधी पाहिले नव्हते. "मला वाटायचं दगडच आहेत. पाण्यात वाढणारे दगड. परवा या बरणीत टाकला तो नुसता धुवायला, आणि..."

"आणि काय?"

"बसा. हलू नका."

मी कॅनवर बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग एका उंचवट्याच्या टोकावरचं इवलंसं छप्पर दोन फळ्यांसारखं उघडलं, आतून पिसासारखं काहीतरी बाहेर आलं, पाण्यातून मूठ मारल्यासारखं वळलं आणि आत गेलं. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. मग शेजारचं उघडलं. मग त्याच्या पलीकडचं. बघता बघता अख्खा दगड इवल्या इवल्या मुठींची उघडझाप करायला लागला.

मी जन्मात इतका वाकून कशाकडे पाहिलं नसेल. माझं नाक बरणीला लागलं. ही टॉवेल खांद्यावर टाकून आली, काय चाललंय म्हणाली, मग आत जाऊन भिंग घेऊन आली आणि आम्हाला दोघांनाही सरकवून मध्ये बसली.

"पाय आहेत ते," ती पुटपुटली. "डोक्यावर उभं राहून पायांनी खातंय. त्या पाण्यातलंच काहीतरी."

दाराची बेल वाजली. सेक्रेटरी होते, नाकाला रुमाल. ते तडक बाल्कनीत आले आणि बोट उगारून काहीतरी सुरू करणार, तोच नानांनी ओठांवर बोट ठेवलं. सेक्रेटरींच्या सावलीने सगळी छपरं फटाफट बंद झाली होती.

सेक्रेटरींनी बरणीकडे पाहिलं, आम्हा तिघांकडे पाहिलं, रुमाल खाली केला आणि उरलेल्या कॅनवर बसले.

"पुन्हा कधी उघडतं?" थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही गप्प बसलात की," नाना म्हणाले.

मी ओतायला उघडलेल्या कॅनचं झाकण पुन्हा लावलं. हॉलमध्ये टाकीचा पंप कुणी बघत नसताना इमानदारीत गुरगुरत होता. बाल्कनीत चौघं माणसं श्वास रोखून एका बरणीभोवती बसली होती. नाना आपली बोटं चोळत होते.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, आम्हाला की बरणीला कोण जाणे, "मी यांना भरल्या ताटावरून उठवत आलो."

दगडावरचं एक छप्पर, अगदी कडेचं, किंचित उघडलं.